साध्या दिवसाची बखर

१

मराठी बखरींत राज्याभिषेक आहेत, स्वाऱ्या आहेत, तह आणि फंदफितुरी आहेत. पण सकाळी उठून पाणी भरावे, बाजारात जाऊन चार जिन्नस आणावेत, तिसऱ्या प्रहरी बहिणीच्या घरी डोकावून यावे आणि दिवेलागणीला ओळखीच्या माणसाशी दोन घटका बोलत बसावे, अशा दिवसाची बखर कोणी लिहिलेली नाही. त्याचे कारण उघड आहे. बखर लिहविली जाते ती काही तरी घडले म्हणून. आणि साध्या दिवसाचे लक्षणच असे की, त्यात सांगण्यासारखे काही घडत नाही. ज्याला असे दिवस लाभतात त्याला ते लिहून ठेवावेसे वाटत नाहीत. त्यामुळे मनुष्याच्या आयुष्याचा जो सर्वांत मोठा भाग, तोच इतिहासाच्या साधनांत सर्वांत विरळ झालेला दिसतो.

तरीही हा दिवस साधनांतून अगदीच नाहीसा झालेला नाही. तो दोन वाटांनी आत शिरतो. पहिली वाट हिशेबाची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या वर्षांत संपादून प्रसिद्ध केले. त्यांतील राजकारणाकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाणे स्वाभाविक होते. पण ज्या कारकुनी शिस्तीतून हे दफ्तर उभे राहिले, तिच्या मुळाशी रोजकीर्द होती. तिथीखाली जमा, तिथीखाली खर्च. दिवस कसा गेला हे रोजकीर्द सांगत नाही, परंतु त्या दिवशी काय आणले आणि कोणास काय दिले हे सांगते. पाँडिचेरीस फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याचा दुभाषी असलेल्या आनंदरंग पिळ्ळै याने १७३६ ते १७६१ या काळात तमिळमध्ये लिहिलेली रोजनिशी याच व्यापारी वृत्तीची, पण अधिक बोलकी आहे. बंदरातल्या गलबतांच्या आणि मालाच्या नोंदींबरोबर तीत घरगुती कार्ये येतात, शकुन येतात, दरबारातली कुजबुज येते.

दुसरी वाट अडथळ्याची. दिवस सरळ चालला असता कोणी लिहिले नसते. तो कुठे तरी अडला म्हणून लिहिले गेले. बाजाराची वाट बंद झाली, माहेरची वाट बंद झाली, पाण्याची वाट बंद झाली, आणि त्या बंद दारापाशी उभे राहून कोणी तरी हकीकत सांगितली. भारतीय भाषांतील आत्मकथने या दृष्टीने वाचू लागले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. साध्या दिवसाची सर्वांत बारीक, सर्वांत नेमकी वर्णने ज्यांना तो दिवस सहज लाभला त्यांनी केलेली नाहीत. ज्यांना तो नाकारला गेला त्यांनी केलेली आहेत. या लेखात त्यांपैकी काही हकीकती एकत्र मांडून, साधा दिवस ही निसर्गाने सर्वांना सारखी वाटलेली वस्तू नसून ती माणसांनी मिळविलेली, कधी झगडून मिळविलेली वस्तू आहे, हे पाहावयाचे आहे.

२

प्रारंभ एका अपवादाने करावा हे बरे. कारण ज्याला साधा दिवस लाभला आणि तरीही ज्याने तो लिहून ठेवला, असा एक लेखक आपल्याकडे आहे. जौनपूर येथे १५८६ मध्ये जन्मलेला बनारसीदास हा जैन व्यापारी. त्याने १६४१ साली आग्रा येथे ‘अर्धकथानक’ या नावाने आपले चरित्र पद्यात लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे. आपण पंचावन्न वर्षांचे झालो, तेव्हा ही अर्धीच कथा, असा त्याचा हिशेब होता. नथुराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला आणि मोगल काळातील एका मध्यम स्थितीतल्या माणसाचा आवाज आधुनिक वाचकापर्यंत पोहोचला.

या ग्रंथात अकबराच्या मृत्यूची वार्ता येते. १६०५ साली ती जौनपुरात पोहोचली तेव्हा तरुण बनारसी घराच्या जिन्यावर बसलेला होता. बातमी कानी पडताच त्याला घेरी आली, तो खाली कोसळला आणि कपाळ फुटून रक्त वाहू लागले. आईने कापड जाळून ती राख जखमेत भरली. इकडे नगरात एकच घबराट उडाली होती. दुकाने बंद झाली, घरांची दारे लागली, लोकांनी दागदागिने आणि चांगली वस्त्रे दडवून ठेवली आणि अंगावर जाडेभरडे कपडे चढविले, म्हणजे श्रीमंत कोण आणि गरीब कोण हे ओळखता येऊ नये. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले की जहांगीर गादीवर बसला आहे आणि सर्व क्षेम आहे. तेव्हा नगर पुन्हा पूर्वीसारखे झाले.

दरबारी तवारिखांत राज्यारोहण म्हणजे नौबत, खुतबा आणि नाणी. बनारसीच्या कथेत राज्यारोहण म्हणजे दुकानाची फळी पुन्हा उघडणे. बादशहा कोण, हे सामान्य नगरवासीयाला त्याच्या दिवसावरून कळत होते. बाजार भरला की राज्य आहे. बाजार उठला की राज्य गेले. आपल्याकडील राजकीय इतिहास लिहिताना हे माप फारसे वापरले गेलेले नाही. पण प्रजेच्या बाजूने पाहिले तर याहून अधिक विश्वसनीय माप सापडणे कठीण.

पुढे व्यापारात बुडून आग्र्यात कफल्लक अवस्थेत राहत असताना बनारसी रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने वाचून दाखवीत असे. दहावीस माणसे ऐकण्यास जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसी रोज उधारीवर कचोऱ्या घेऊन खाई. एक दिवस एकांत साधून त्याने कचोरीवाल्याला सांगून टाकले की, माझ्यापाशी पैसा नाही, तेव्हा पुढे उधार देऊ नये हे चांगले. कचोरीवाल्याने ते मनावर घेतले नाही; उधार चालूच राहिली आणि काही महिन्यांनी दिवस पालटल्यावर बनारसीने ती चुकती केली.

एवढीच ही हकीकत. पण तीत साध्या दिवसाची सगळी सामग्री आहे: रोजचा जिन्नस, ओळखीचा दुकानदार, रात्रीची बैठक, ऐकण्याचा आनंद, आणि या सर्वांना बांधून ठेवणारा विश्वास. मात्र ही हकीकत वाचताना एक गोष्ट सुटू देऊ नये. बनारसीपाशी पैसा नव्हता, पण दुकानापर्यंत जाण्याचा, दुकानदाराशी समोरासमोर बोलण्याचा आणि त्याने दिलेले हातात घेण्याचा अधिकार होता. तो अधिकार आपल्यापाशी आहे हे त्याला लिहावे लागले नाही, कारण तो त्याला ठाऊकच नव्हता. हवा असते तशी ती गोष्ट होती. या हवेची जाणीव झालेले लेखक वेगळे. त्यांच्याकडे आता वळावयाचे आहे.

३

बंगालमधील राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीबन’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाले. बंगाली भाषेतील ते पहिले आत्मचरित्र मानले जाते. पबना जिल्ह्यात जन्मलेल्या आणि बाराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आलेल्या या बाईंच्या आयुष्यात बाह्यतः काहीच घडले नाही. पंचवीस-एक माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, मुलांची उस्तवार, देवाचे नैवेद्य. सर्वांचे जेवण आटोपून आपण ताटावर बसावे तो पाहुणा यावा, पाहुण्याचे झाले तो मूल उठावे, आणि असे करता करता आपले जेवण राहूनच जावे, हे त्यांनी तक्रारीचा सूर न लावता नोंदविले आहे. पतीचा घोडा अंगणात धान्य खात उभा असता, तो पतीचा घोडा म्हणून त्याच्यापुढून जाण्याचाही त्यांना संकोच वाटे. ओसरीवरून अंगणात जाणे, एवढ्याशा फेऱ्यालाही किती अदृश्य कुंपणे असू शकतात ते या एका गोष्टीवरून कळते. अशा दिवसातून वेळ चोरून, ‘चैतन्यभागवता’चे एक पान स्वयंपाकघरात दडवून, मुलाने अक्षरे गिरवलेल्या ताडपत्राशी ते ताडून पाहत त्या वाचावयास शिकल्या.

परंतु या आत्मचरित्रातील सर्वांत जिव्हारी लागणारा भाग वाचनाचा नाही, माहेरचा आहे. माहेरी जाणे म्हणजे आज आपल्याला एक कौटुंबिक भेट वाटते. राससुंदरींना ती परवानगीची गोष्ट होती. बरोबर माणसे देऊन नावेतून पाठवायचे आणि थोड्या दिवसांत परत आणायचे, असा तो प्रकार. कैद्याला काही काळ बाहेर सोडावे तसा. आई मरणपंथाला लागली तेव्हाही त्यांना जाता आले नाही. आपण मुलगा म्हणून जन्मलो असतो तर आईपाशी धावत गेलो असतो, ही खंत त्यांनी उतारवयातही उराशी बाळगली होती. एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन आईला भेटणे ही अगदी लहान गोष्ट. ती न घडणे मात्र जन्मभर पुरले.

मराठी स्त्रीने हे लिहिले त्याच्या कितीतरी आधी गायिले होते. जात्यावरच्या ओवीत माहेर, भाऊ, मुऱ्हाळी, वाट पाहणे यांना जे स्थान आहे त्याचे स्पष्टीकरण केवळ भावुकतेने होत नाही. रोज पहाटे दळताना जी गोष्ट पुन्हा पुन्हा गावी लागते ती सहज मिळणारी नसते. सानेगुरुजींनी या ओव्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पोयतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. मोगलांची किंवा पेशव्यांची कोणतीही रोजनिशी सामान्य स्त्रीच्या दिवसाविषयी इतके सांगत नाही. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते थांबले. ते थांबल्याचे दुःख ज्यांनी कधी दळले नाही त्यांनी फार करू नये. बायकांच्या पहाटेच्या झोपेचे मोल ओवीहून कमी नाही. पण दळण टळले त्याबरोबर दिवसाची एक नोंदवहीही मिटली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

४

दिवसातील लहानसहान सुखांची गोष्टही याहून वेगळी नाही. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे होते. व्याख्यान झाल्यावर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेला हाती धरला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक असे एरवी परस्परांच्या विरुद्ध उभे राहणारे दोघेही त्या बैठकीत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे सुधारकांतही खळबळ माजली. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या प्रकरणाची हकीकत दिली आहे.

आज या प्रकरणाकडे गंमत म्हणून पाहिले जाते. त्यात विनोद आहेच. पण एक कप चहा पिण्यापूर्वी माणसाला किती जणांची संमती लागत होती याचा तो पुरावाही आहे. ज्यांच्या घरी सोयरीक होते, ज्यांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळतो, त्यांच्याही बाबतीत ही स्थिती होती. दिवसातील कोणताही घोट, कोणताही घास खासगी नव्हता.

या सामाजिक नियंत्रणाचे टोक लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या प्रारंभी दिसते. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या आघातातून वडिलांच्या मनात विटाळाची अशी काही भीती बसली की, बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात येईनाशी झाली. ज्या वस्तू धुतल्याने नासतात त्यांचीही सुटका नव्हती. सगळे घर त्या धुण्याभोवती फिरू लागले. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, आणि वाचकही हसतो. पण हसू ओसरल्यावर दिसते ते असे की, इंग्रजांची फाशी, जातीची भीती आणि घरातल्या बायकामुलांचे हाल हे सगळे बाजारातून आणलेल्या एका पुडीत बांधलेले होते. मोठा इतिहास साध्या दिवसात शिरतो तो असा; घोषणा करून नव्हे, पिशवीतून.

५

धुणाऱ्याची ही बाजू झाली. ज्याच्या स्पर्शाने धुवावे लागे, त्याचा दिवस कसा जात होता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत. १९९० साली त्या पुस्तिकारूपाने प्रकाशित झाल्या. त्यांतील पहिली आठवण एका कौटुंबिक भेटीची आहे. वर्ष १९०१. कुटुंब साताऱ्यास राहत होते आणि वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे वडिलांनी कळविले. भीमराव, थोरले बंधू आणि थोरल्या बहिणीचे दोन मुलगे अशा चौघांनी जय्यत तयारी केली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीचा प्रवास पहिलाच. मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता.

मसूर स्थानकावर ती उतरली. वडिलांचा माणूस घ्यायला आला नव्हता; मुलांचे पत्रच त्यांना मिळालेले नव्हते. स्थानकप्रमुखाने आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून ही चांगल्या घरची मुले वाटत होती. आपण महार आहोत, असे मुलाने सहज सांगितले, आणि त्या माणसाचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण त्यांतली एकही मिळेना. अखेर तोड निघाली ती अशी: भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. बरोबर डबा होता, पण पाणी नव्हते. रात्री जकातनाक्यावर पाणी मागितले, ते मिळाले नाही. अन्न असून मुलांना उपाशी निजावे लागले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावास पोहोचली.

याच लेखनात त्यांनी साताऱ्यातील रोजच्या दिवसाचेही वर्णन केले आहे. शाळेत बसायला आपले गोणपाट घरून न्यावयाचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला पाहिजे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. कपडे घरी बहिणी धूत, कारण परीट मिळत नसे. केसही थोरली बहीण कापी. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, आणि त्यांना द्यायला पैसे नव्हते असेही नाही. बनारसीदासापाशी पैसा नव्हता आणि कचोरी मिळत होती. येथे पैसा होता आणि कात्री मिळत नव्हती. तीनशे वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे ‘बाजार’ या शब्दाचा अर्थ केवळ क्रयविक्रयाने पुरा होत नाही, हे स्पष्ट होते.

बेबी कांबळे यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात हाच बाजार एका स्त्रीच्या पायांनी चालून पाहता येतो. महारवाड्यातील बाया सरपणाचा भारा घेऊन ब्राह्मणआळीत जात. भारा अंगणाबाहेर टाकायचा, आणि त्यात एखादा केस किंवा धागा अडकला नाही ना हे काडी काडी पाहून द्यायचे. पुढे किराणा दुकानात जायचे तर दुकानापासून अंतर राखून, पदर नीट सावरून, स्वतःला हीन ठरविणाऱ्या शब्दांत विनवणी करायची. मग दुकानदाराने पुडी वरून टाकायची. या सगळ्यास तेथे कोणी अत्याचार म्हणत नव्हते. तो रोजचा सौदा होता. बेबीताईंचे मोठेपण असे की, त्यांनी यास एखाद्या प्रसंगाचे रूप न देता दिनक्रमाचे रूप दिले. अपमान जेव्हा दिनक्रम होतो तेव्हा त्याची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही. ती आत्मकथनातच होऊ शकते.

ही केवळ महाराष्ट्राची स्थिती नव्हती. त्रावणकोरात अय्यंकाळी यांनी १८९३ साली स्वतः बैलगाडी जुंपून, पांढरी स्वच्छ वस्त्रे नेसून, पुलय समाजाला मज्जाव असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून ती नेली, त्याची आठवण केरळात आजही आदराने काढली जाते. गाडीत बसून रस्त्याने जाणे, हेच तेथे बंड ठरले. मसूरच्या चार मुलांनी नाइलाजाने गाडी हाकली, अय्यंकाळींनी जाणूनबुजून. रस्ता एकच होता.

६

येथवर आल्यावर महाडची घटना वेगळ्या प्रकाशात दिसू लागते. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचे ठरविले. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव फिरविला, आणि न्यायालयात चाललेला वाद उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. दहा वर्षे एका ओंजळीसाठी गेली.

महाडला आपण क्रांती म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या क्रांतीची मागणी काय होती? सिंहासन नव्हे, जहागीर नव्हे. घरातून निघावे, पाणी आणावे, घरी परत यावे. साध्या दिवसाची मागणी होती ती. जगातल्या अनेक क्रांत्यांनी नवा दिवस मागितला; या क्रांतीने रोजचा दिवस मागितला, आणि म्हणूनच ती अधिक खोल गेली.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मूलभूत हक्कांवरील चर्चेत दुकान या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न निघाला. धोब्याचे काम, न्हाव्याचे काम त्यात येते काय, अशी शंका सभासदांना होती. मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, दुकान हा शब्द येथे व्यापक अर्थाने योजिला आहे. जो कोणी आपली सेवा मागणाऱ्यास ती देण्यास तयार होऊन बसतो, त्याचे ते ठिकाण दुकानच. सभागृहाच्या दृष्टीने हा कायद्याच्या शब्दार्थाचा प्रश्न होता. पण साताऱ्यातील ती थोरली बहीण आणि तिच्या हातातली कात्री ज्याला ठाऊक आहे, त्याला या उत्तरामागे अर्धशतकाचा अनुभव उभा असलेला दिसतो. शब्दकोशात दुकानाची अशी व्याख्या सापडणार नाही. ती दुकानाबाहेर थांबविले गेलेल्या माणसाने केलेली व्याख्या आहे.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्या ठिकाणी मज्जाव करता येणार नाही, याची तेथे यादी आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. राज्याच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि घाट हे शब्द यावेत ही साधी गोष्ट नव्हे. ही यादी म्हणजे एका सामान्य माणसाच्या दिवसभराच्या फेऱ्यांचा नकाशा आहे. त्यात ‘लिंग’ हा शब्दही आहे, आणि म्हणून राससुंदरींची अडलेली पावलेही त्या नकाशात कुठे तरी सामावलेली आहेत; यद्यपि घराच्या उंबऱ्यावर कायद्याचा हात फारसा पोहोचत नाही, हे मान्य करावे लागते. पुढे १९५५ च्या अस्पृश्यतेविषयीच्या कायद्याने ही यादी आणखी खाली, अगदी रोजच्या वस्तूंपर्यंत नेली. उपाहारगृहातील भांडी, पाण्याचा नळ, सार्वजनिक वाहन, दागिने घालणे, माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार, यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

कायदा झाला म्हणून दिवस बदलला, असे मात्र नव्हे. संविधान अमलात येऊन दोन दशके लोटल्यावर, १९७२ मध्ये, डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घ्यावी लागली. गावोगाव फिरून विहिरीपाशी जावे आणि पाणी कोण भरते, कोण भरत नाही, हे पाहावे, असे त्या चळवळीचे स्वरूप होते. यादीतला ‘विहीर’ हा शब्द आणि गावातली विहीर यांमध्ये किती अंतर आहे, ते तिने पायी चालून मोजले.

७

या सर्व हकीकतींवरून साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध कोणता? आत्मचरित्रे आणि रोजनिशा वाचताना आपण सहसा लेखकाच्या आयुष्यातील मोठे प्रसंग शोधतो. विवाह, धर्मांतर, तुरुंगवास, सन्मान. मधली पाने आपण ‘तपशील’ म्हणून ओलांडतो. परंतु तपशीलाचे प्रमाण लेखकागणिक वेगळे का असते, हा प्रश्न विचारला पाहिजे. एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रात पाणी कोठून आले हे लिहिलेले नसेल, तर ते कोणी तरी आणून ठेवले होते असे समजावे. एखाद्या पुस्तकात दुकानापासून किती अंतरावर उभे राहायचे हे लिहिलेले असेल, तर ते अंतर लेखिकेने जन्मभर पायांनी मोजले होते असे समजावे. मौनही पुरावाच आहे. फक्त तो कोणत्या बाजूचा आहे हे ओळखता आले पाहिजे.

साध्या दिवसाला कमी लेखण्याची आपल्या वाङ्मयाला जुनी सवय आहे. संतांनी संसाराला असार म्हटले, वीरांनी त्याला तुच्छ मानले, आणि नव्या शिक्षणाने त्याला कंटाळवाणे ठरविले. पण या दिवसाचा त्याग करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती तो आधीच होता त्यांनाच परवडला. ज्यांना तो मिळवावा लागला, त्यांनी त्याची किंमत कधी कमी लेखली नाही. बाबासाहेबांनी १९०१ चा तो प्रवास तीस-पस्तीस वर्षांनी लिहिला तेव्हा ते परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले, गोलमेज परिषदांना जाऊन आलेले बॅरिस्टर होते. तरी सदऱ्यांचा नवेपणा, टोप्यांची चमक आणि धोतरांचे रेशीमकाठ त्यांना जसेच्या तसे आठवत होते. अपमान आठवावा यात नवल नाही. पण अपमानाच्या आधीची ती तासा-दोन तासांची खुशी, वडिलांना भेटायला निघालेल्या चार मुलांची, तीही त्यांनी जपून ठेवली होती. तिचे वर्णन केल्यावाचून त्यांना पुढचे सांगता आले नाही. काय हिरावले गेले हे कळावयाचे तर आधी काय मिळू पाहत होते ते सांगावे लागते. आणि मिळू पाहत होती ती सुटीच्या दिवसांतली वडिलांची भेट, एवढीच.